डॅनफोर्डिए आयरिसला दुसऱ्या वर्षी नुसती पाती का येतात
ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात आयरिस डॅनफोर्डिए (कंदापासून येणारी बुटकी, पिवळ्या फुलांची आयरिस) पहिल्या वर्षी फुलली, नंतर नुसती पाती, असं का, हा एकाचा प्रश्न. फुलल्यावर हिचा कंद फुटून तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं होतात. ती फुलायच्या आकाराला यायला दोन-तीन वर्षं तरी लागतात. वरवर लावलेले कंद जास्तच फुटतात, म्हणून एप्रिलमध्ये (तिकडच्या शरदात) १५ सेंमी खोल लावा, मातीत निम्मी जाड रेती मिसळून. फुलं गेली की पाती पिवळी पडेपर्यंत पाणी आणि दर पंधरवड्याला टोमॅटोच्या झाडांसाठी मिळणारं पोटॅशवालं खत, अर्ध्या मात्रेत. इथेच बहुतेक जण हात आखडतात, आणि पुढचा कंद तर याच आठवड्यांत भरतो! डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, पूर्ण कोरडं. उन्हाळी वादळी पावसात कुंडी वळचणीखाली घ्या. सालीवर शाईसारखे काळे डाग दिसले तर कंद सरळ कचऱ्यात, कंपोस्टमध्येही नको.