स्कूबी-डू (१९६९): भुताचा मुखवटा उतरतो, हे बलस्थान की दोष?

रातकिडा
'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!' ही मूळ कार्टून मालिका १३ सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेत सीबीएस या वाहिनीवर सुरू झाली. फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा, शॅगी ही चार मुलं आणि स्कूबी हा कुत्रा भुतांचा छडा लावतात, आणि शेवटी भुताच्या मुखवट्याआडून माणूस निघतो. दोन सीझन, अवघे २५ भाग. पुढचे ढीगभर अवतार बाजूला ठेवा, धागा या २५ भागांपुरता. सगळे ओळीने पाहून काढले आणि माझं मत असं की भुताची मालिका म्हणून ही सपशेल फसलेली आहे.

वातावरणनिर्मितीला तोड नाही, हे आधीच मान्य. धुकं, जांभळट आभाळ, वाकडीतिकडी झाडं, सगळं हाताने रंगवलेलं. 'स्पूकी स्पेस कूक' हा भाग घ्या. ओसाड विमानतळ, काचेच्या हेल्मेटमध्ये चकाकणारी कवटी आणि ते कानात घुसणारं खिदळणं. ते ऐकून मोठ्या माणसाच्याही अंगावर काटा येतो. आणि शेवटी निघतं काय? शेजारचा शेतकरी! का, तर आसपासच्या जमिनी स्वस्तात लाटायच्या होत्या. वीस मिनिटं जमवलेली भीती एका मिनिटात धुऊन टाकायची, आणि हे दर भागात! तिसऱ्या-चौथ्या भागापासून प्रेक्षकाला ठाऊक असतं की भूत खोटं आहे. मग घाबरायचं कशाला?

त्यात मागून येणारं ते टेपवरचं हसू. शॅगी दाराला धडकला की ही: ही: ही:. कोण हसतंय? स्मशानात कोणी प्रेक्षक बसवलेत का?

खुंटीवरचा_कोट
कडाडून असहमत. आधी ती मालिका तशी का झाली ते बघू. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पालकांच्या संघटना शनिवार सकाळच्या कार्टूनमधल्या मारामारीविरुद्ध उठल्या होत्या. सीबीएसच्या फ्रेड सिल्व्हरमनना मारामारी नसलेलं काहीतरी हवं होतं. हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओच्या जो रूबी आणि केन स्पिअर्स यांनी रहस्य सोडवणारी मुलं आणली, पण पहिला आराखडा वरच्यांनी नाकारला. कारण? लहान मुलांसाठी फारच भीतिदायक! मग कोपऱ्यातला कुत्रा मध्यभागी आला, विनोद वाढला, तेव्हा कुठे मालिका मंजूर झाली. तुम्हाला जी भीती कमी वाटते ती मुद्दाम कमी केलेली आहे.

आता मुखवटा. पहिल्याच भागात काळ्या चिलखतातला सरदार म्हणजे संग्रहालयाचाच अभिरक्षक, अस्सल चित्रं चोरून त्या जागी नकला लावणारा. मुलं काय शिकतात? भूत दिसलं की पळा, पण नंतर परत या आणि 'यात कोणाचा फायदा?' असं विचारा. विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या कार्ल सेगन यांनीही नेमक्या याच कारणासाठी या मालिकेची बाजू घेतली होती. अलौकिक दाव्यांची तपासणी होते आणि दर वेळी साधं कारण सापडतं, म्हणून.

रातकिडा
सेगन यांनी विचारपद्धतीचं कौतुक केलं, पटकथेचं नाही. पद्धत चांगली म्हणून गोष्ट चांगली होत नाही.

आणि तपास तरी कसला? संशयित जेमतेम दोन-तीन. त्यातला एक सुरुवातीला दोन वाक्यं बोलून गायब झालेला असतो. तोच! खुलासे तर विचारूच नका. प्रोजेक्टर, तारा, लपवलेले स्पीकर. एवढा खर्च आणि खटाटोप करणाऱ्याने सरळ धंदा केला असता तर जास्त कमावलं असतं.

अर्धवट_उघडं_दार
@रातकिडा, हे सगळ्या भागांना लागू नाही. 'अ क्लू फॉर स्कूबी-डू' आठवा. जुन्या पाणबुड्याच्या पोशाखातलं कॅप्टन कटलरचं भूत. अंगभर हिरवट उजेड आणि चालताना मागे सांडत जाणारं चकाकतं शेवाळ. तेच शेवाळ पुढे धागा म्हणून वापरलंय. पुरावा प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर पडलेला असतो. आणि भूत कोणाचं, तर मेला असं समजलेल्या कटलरचंच! तो जिवंत असतो आणि नौका चोरत असतो. म्हणजे भूतही खरं आणि खोटंही. हा भाग रहस्यकथा म्हणून कुठेही कमी पडत नाही.

बाकी टेपवरच्या हसण्याबद्दल +१. आवाज बंद करून पाहिलं तर भाग दुप्पट भीतिदायक होतो, पण मग भुताचं ते खिदळणंही जातं. काय करणार!

चष्मा_सापडेना
माझा मुद्दा पात्रांचा. वेल्मा १९६९ मध्ये! कोडं सोडवणारी मुलगी, तेही तिच्या हुशारीची थट्टा न करता. आणि डॅफ्नी? सापळ्यात पाय, गुप्त दरवाज्यातून गायब, पुन्हा सापळ्यात पाय. फ्रेड तर दर वेळी 'आपण दोन गटांत जाऊ' म्हणतो आणि स्वतः कधी शॅगीच्या गटात जात नाही. (हा माणूस संशयितांच्या यादीत का नाही?) पाचातली तीन पात्रं म्हणजे नुसत्या सवयी आहेत.

टिपूर
पाचातला एक तर कुत्रा आहे आणि तोच सगळ्यांत जिवंत. चित्रकार इवाओ ताकामोतो यांनी ग्रेट डेन जातीचे कुत्रे पाळणाऱ्या बाईंकडून जातिवंत कुत्र्याची लक्षणं विचारून घेतली आणि बरोब्बर उलटं काढलं. पाठ ताठ हवी तर उतरती, पाय सरळ हवेत तर फेंगडे, वर हनुवटी दुहेरी. डॉन मेसिक यांचा आवाज वेगळाच. कमीत कमी चित्रांत भागवलेलं अॅनिमेशन, पळताना तोच दिवा, तीच खिडकी पुन्हा पुन्हा. पण या कुत्र्याचा चेहरा बघताना ते खुपत नाही.

निद्रानाश
खरी भीती हवी त्याने 'करेज द कॉवर्डली डॉग' बघावं. १९९९ ते २००२, जॉन डिलवर्थ यांची निर्मिती. तिथे मुखवटा निघत नाही, कारण मुखवटाच नसतो. शापित फरशी परत मागणारा तो राजा रामसेस आठवा. सगळं सपाट चित्र आणि त्यात तो एकटाच संगणकावर घडवलेला, हवेत डुलणारा, दुसऱ्याच कुठल्या तरी जगातून आल्यासारखा. काही न करता नुसता उभा राहतो आणि झोप उडवतो. भीतीच्या परीक्षेत स्कूबी नापास, रातकिडाशी सहमत.

खुंटीवरचा_कोट
@निद्रानाश, दोन वेगळ्या परीक्षा. करेजमध्ये घरातलं दुसरं कोणी त्या कुत्र्याचं ऐकत नाही, भीती त्या एकटेपणातून येते. इथे पाच जण एका गाडीत आहेत. मुलांना सोबत देऊन घाबरवणं ही वेगळी कला आहे.

आणि 'खरं भूत आणा' हा उपाय करून झालाय. १९८५ मध्ये स्कूबीचीच १३ खऱ्या भुतांची मालिका काढली, आवाजाला साक्षात भयपटांचे नट व्हिन्सेंट प्राइस. १३ भागांत गुंडाळली.

निद्रानाश
आणि १९९८ चा स्कूबीचा चित्रपट 'झोंबी आयलंड'? तिथे झोंबी खरे होते आणि चाहते अजून त्याचं नाव काढतात. सोयीचं तेवढंच सांगू नका.

अर्धवट_उघडं_दार
त्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग कोणता? फ्रेड मुखवटा समजून झोंबीचं डोकं ओढतो आणि डोकंच हातात येतं! आधीची सगळी वर्षं रबरी मुखवटे निघाले नसते तर हा धक्का बसला असता का?

रातकिडा
नसता बसला. पण याचा अर्थ एका चांगल्या धक्क्यासाठी २९ वर्षं तेच ते बघत बसायचं? त्यासाठी मी मूळ मालिकेला गुण देणार नाही, 'झोंबी आयलंड'ला देईन. आणि त्या टेपवरच्या हसण्याच्या बाजूने अजून एकही प्रतिसाद आलेला नाही, याची नोंद घ्यावी.