देह माणसाचा, मन देवाचं?

येशूचा देह माणसाचा, पण आतलं मन देवाचं, असं काही जण मानतात. चौथ्या शतकात लाओदिकियाचा बिशप अपोलिनारिस याने जवळजवळ हेच मांडलं होतं आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने (चर्चच्या बिशपांच्या सभेने) ते नाकारलं. त्याच काळातले धर्मपंडित, नाझियान्झसचे ग्रेगरी, यांचा आक्षेप मुळावरच होता: माणसातलं जे ख्रिस्ताने स्वतःत स्वीकारलं नाही, ते बरंही झालं नाही. आणि माणूस बिघडतो तो आधी मनातच! मनच वगळलं तर तारण (पापातून सुटका) कशाचं?

अटकेच्या आधी येशूने गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थना नीट वाचा (बायबल, लूक २२:४२). ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.’ मरणाला घाबरणारी खरी मानवी इच्छा तिथे नसेल, तर ते वाक्य निव्वळ नाटक ठरतं. म्हणूनच ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलमधल्याच नंतरच्या परिषदेने ख्रिस्तात दैवी आणि मानवी अशा दोन इच्छा मानल्या, मानवी इच्छा दैवी इच्छेच्या अधीन. हा मुद्दा चर्चेत फार कमी येतो, खरं तर तोच सगळ्यात मोलाचा आहे.

अर्धा देव, अर्धा माणूस हे मिश्रणही चालत नाही. ४५१ च्या खल्केदोन परिषदेनुसार ख्रिस्त ही व्यक्ती एक, स्वभाव (म्हणजे मूळ स्वरूपं) दोन, दैवी आणि मानवी. त्यांची सरमिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूटही नाही.