मदत हवी आहे: दाढ काढून १४ आठवडे झाले, आईची जखम भरत नाही. मुंबईत जबड्याच्या सर्जनकडे कुठे जावं?

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण वाचा.

आई ६७ वर्षांची, चिपळूणला एकटी असते. जूनमध्ये तिची खालची डावी दाढ काढली. हलतच होती, दहा मिनिटांत निघाली. आता सप्टेंबर सरत आला तरी खड्डा तसाच. दोनदा साफ करून झालं, अँटिबायोटिकचे कोर्स झाले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालूच आहेत. फारसं दुखत नाही, पण तोंडाला वास येतो म्हणून बोलताना पदर तोंडाशी धरते. फोनवर म्हणायची, "जिभेला नखासारखं काहीतरी लागतं गो." गणपतीला गेले तेव्हा मोबाइलच्या उजेडात बघितलं. हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं पिवळट हाड उघडं दिसत होतं. माझे हातपायच गळाले.

तिला डोंबिवलीला घेऊन आले आणि आमच्या नेहमीच्या डेंटिस्टबाईंना दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "आजी, हाडं ठिसूळ झाली म्हणून कधी सलाईन लावलं होतं का?"

लावलं होतं. तीन वर्षांपूर्वी मणका दबला, हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला, तेव्हापासून वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम. तीन झाली, शेवटचं गेल्या दिवाळीनंतर. दाढ काढायच्या आधी तिला विचारलं होतं, रोजची औषधं कोणती? ही म्हणाली, कॅल्शियमशिवाय काही नाही. वर्षातून एकदा लावलेलं सलाईन तिच्या लेखी औषध नव्हतंच. फाइल माझ्याकडे, पिवळ्या पिशवीत, कपाटावर. दोष कुणाला देणार?

बाईंनी लिहून दिलंय, 'ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जनचा सल्ला घ्यावा', म्हणजे तोंड-जबड्याचा सर्जन. आता माझा गोंधळ असा: हे लोक बसतात कुठे? एकाने सांगितलं कान-नाक-घशाकडे जा, दुसऱ्याने सांगितलं टाटाला ने. 'टाटा' ऐकल्यापासून आई जेवत नाहीये. सरकारी चालेल का खाजगीच बघू? आणि या दिवाळीनंतरचं सलाईन द्यायचं की नाही? पाठीमुळे तिला लोकलचे पूल चढवत नाहीत, हेही लक्षात घ्या.

प्रतिसाद १
ताई, आधी आईला जेवायला घाला. मी डेंटिस्ट आहे. तोंड न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या बाईंनी नेमका प्रश्न विचारलाय. या औषधांमुळे हाडाची झीज थांबते, त्यासाठीच ती देतात. पण दाढ काढल्यावर जबड्याचं हाड स्वतःला दुरुस्त करतं ती क्रियाही मंदावते. हाड ८ आठवड्यांहून जास्त उघडं असेल, असं औषध घेतलेलं असेल आणि जबड्याला रेडिएशन झालेलं नसेल, तर औषधामुळे जबड्याचं हाड मेलंय का, या दिशेने आम्ही विचार करतो. ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा घेणाऱ्यांत हे क्वचित होतं. कॅन्सरसाठी दर महिन्याला मोठा डोस घेणाऱ्यांत जास्त.

कान-नाक-घसा नको. बीडीएसनंतर तीन वर्षं ओरल सर्जरीत एमडीएस केलेला माणूस हवा. 'इम्प्लांट स्पेशालिस्ट' अशी पाटी म्हणजे तो नव्हे, डिग्रीचा विषय विचारून घ्या. टाटा कॅन्सरसाठी, ती गोष्ट वेगळी. मात्र सर्जनला शंका आली तर तो तुकडा तपासायला पाठवेल, त्याने घाबरू नका. तोवर कुणालाही तो खड्डा पुन्हा खरवडू देऊ नका.

प्रतिसाद २
मुंबईत सरकारी म्हणाल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, आणि मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर डेंटल. दोन्हीकडे ओरल सर्जरीचा वेगळा विभाग आहे. माझ्या भावाचा जबडा बाइकवरून पडून मोडला होता, तेव्हा यातल्या एका ठिकाणी काम झालं. सकाळी लवकर पोचून केसपेपर काढा. आधी शिकाऊ डॉक्टर बघतात, मग लेक्चरर, मग सर. तीच गोष्ट तीनदा सांगावी लागते, कंटाळू नका. आणि एक्स-रेचा ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटो चालत नाही, मूळ फिल्म किंवा सीडी न्या.

प्रतिसाद ३
डोंबिवलीहून आजींना घेऊन सीएसएमटी कशाला? नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, दोन डेंटल कॉलेजं आहेत. शिळफाट्यावरून रिक्षा-टॅक्सीने जाता येईल. पुढे चिपळूणहून यायचं झालं तर पनवेलला उतरायचं, ठाण्यापर्यंत यायची गरज नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)
सलाईनचं राहिलं. ते स्वतःहून बंदही करू नका, घेऊही नका. हाडांच्या डॉक्टरांचं आणि सर्जनचं एकमेकांशी बोलणं होऊ दे. झोलेड्रॉनिक हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे एक डोस पुढे गेल्याने सहसा आभाळ कोसळत नाही. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी: ठिसूळपणासाठीच दर सहा महिन्यांनी पोटावर घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन असेल तर गोष्ट उलटी. ते परस्पर लांबवलं तर मणके मोडू शकतात.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. नेरूळला जाऊन आलो. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) झाला, सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) पण झाला. सर्जन तरुण होते, आईला "काकू" म्हणत होते, त्यावर ती निम्मी बरी झाली. बारीक सळीने टोकरून बघितलं आणि म्हणाले, मेलेला तुकडा अजून सुटलेला नाही, आत्ता कापायला गेलो तर चांगलं हाडही जाईल. क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या, औषधं आणि दर तीन आठवड्यांनी दाखवायचं. तुकडा हलायला लागला की काढू म्हणाले. कॅन्सरसारखं आत्ता तरी काही दिसत नाही, असं त्यांनी आईकडे बघून, मोठ्याने सांगितलं. सलाईनबद्दल हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिलीय, सोमवारी जातेय.

आता एकच. भाकरी बंद आहे, मऊ भात आणि कुळथाची पिठी खाऊन ती वैतागलीय. न टोचणारं, पण चवीचं काय करून घालू?