कोडमध्ये सापडलेली गंमत : तुमचे अनुभव लिहा

अर्धविराम
काल बारा वर्षं जुनं बिलिंगचं मॉड्यूल उघडलं. चारशे ओळींच्या फंक्शनच्या डोक्यावर माझ्या पहिल्या सीनियरची कॉमेंट (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप) : 'इथे हात लावणार असशील तर आधी घरी फोन करून उशीर होईल असं कळव.' सर कधीच रिटायर झाले. आधी मोठ्याने हसले, मग गळा दाटून आला. निघायला खरंच साडेदहा वाजले. असं काही तुम्हाला सापडलंय का?

जुनी वही
युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सहावी आवृत्ती, १९७५. तिच्या कोडमधली कॉमेंट : 'तुम्हाला हे समजणं अपेक्षित नाही.' कॉलेजात वाचून फार लागलं होतं. पुढे युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक डेनिस रिची, त्यांचा खुलासा वाचला, 'हे परीक्षेला नाही' अशा भावनेने लिहिलं होतं म्हणे. केवढं हायसं वाटलं! आता नवीन मुलांना अवघड भाग शिकवण्याआधी मी हेच सांगते.

निवांत
एरर नंबर ४१८!!! रात्री दोनला एपीआय (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची सोय) तपासतेय आणि सर्व्हर म्हणतो 'मी चहाची किटली आहे'. १९९८च्या १ एप्रिलचं आरएफसी (इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज), गमतीचं, नेटवरून कॉफीचं भांडं चालवायचं. किटलीला कॉफी करायला सांगितलं की हे उत्तर. त्या रात्री कोणीतरी सोबतीला बसल्यासारखं... बाळ उठलं, येते

पाचवी ओळ
कबुतरं विसरलात? आरएफसी ११४९, १९९०. पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारा माहितीचा तुकडा, कागदावर छापून कबुतराच्या पायाला बांधायचं. २००१मध्ये नॉर्वेत बर्गनच्या लिनक्सवाल्यांनी (लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्या गटाने) खरंच उडवली! नऊ पाठवली, चारांची उत्तरं आली, प्रत्येकाला पन्नास मिनिटांच्या वर. गंमत करायची तर अशी, शेवटपर्यंत.

मूकवाचक
माझा अनुभव कडू आहे. पासवर्ड चुकला की 'पुन्हा तूच?' असा मेसेज एका सहकाऱ्याने टेस्टिंगपुरता टाकला, तो तसाच लाइव्ह गेला. एका आजोबांचा फोन मी घेतला. रागावले नाहीत, 'माझं काही चुकलं का हो' एवढंच विचारलं. कॉमेंटमध्ये हवी तेवढी थट्टा करा. स्क्रीनवर नको.

निवांत
अरेरे @मूकवाचक, आजोबांचं वाचून कसंतरीच झालं

पाचवी ओळ
@मूकवाचक शंभर टक्के.
अपोलो ११ राहिलंच! चंद्रावर उतरायच्या कोडमध्ये एका ओळीपुढे 'तात्पुरतं, अशी आशा आशा आशा'. तीनदा! १९६९मध्ये त्या मंडळींची छातीही आपल्यासारखीच धडधडत होती. मी ती ओळ छापून टेबलावर लावलीय.

जुनी वही
मोबाईलवर देवनागरीत कोड कोणी लिहिलाय का? माझा कीबोर्ड 'फंक्शन'चं दर वेळी 'फंक्शनला' करतो

निवांत
सेटिंगमध्ये सूचना बंद कर. @अर्धविराम सरांना कळवलंस का?

अर्धविराम
आत्ताच फोन केला. कॉमेंट त्यांना आठवत नव्हती. 'ते फंक्शन अजून चालतंय?' म्हणाले, आणि मग अर्धा तास त्यातला राउंडिंगचा घोळ समजावला. वही घेऊन बसले होते मी.