गुडघा दुखला की रसिकता संपते काय?

टिळकवाडीचा श्रोता: परवा आपल्या बेळगावकरांच्या या चर्चेतच एकानं लिहिलं, "गाण्याला ज्यांना गादीची खुर्ची लागते त्यांनी घरात यूट्यूब लावून बसावं." दोन दिवस गप्प बसलो. वय ६३, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गेल्या महिन्यात आपल्याकडच्या एका हॉलात (नाव घेत नाही) साडेतीन तास काढले. खुर्चीचा स्पंज मधोमध खचलेला, खालची पत्र्याची पट्टी मांडीत रुतायची. एक माणूस चहाला उठला की अख्खी रांग उभी. स्टेजवर विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, रंगायला लागलेलं आणि मी घड्याळ बघायलोय. यात माझी रसिकता कुठं कमी पडली, सांगा की.

शहापूरचा तबलजी: मीच लिहिलंय, मागं घेत नाही. कुमार गंधर्व जन्मले आपल्या सुळेभावीत. तसलं गाणं आमच्या आजोबांनी सतरंजीवर मांडी घालून ऐकलं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात आजही भारतीय बैठक, म्हणजे खाली बसायची सोय, असते. आणि गाद्या आवाज खातात, हे वाजवणाऱ्याला विचारा.

खानापूरचा मास्तर: खातात, कबूल. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञानं १८९५ नंतर हेच मोजलं. दुसऱ्या थिएटरातल्या गाद्या उचलून आणायच्या, एकेक मांडत जायचं आणि आवाज किती वेळ घुमतो ते बघायचं. पण पुढचं ऐका. लाकडी खुर्ची रिकामी असली की आवाज परत फेकते, माणूस बसला की तोच शोषतो. गादीची खुर्ची रिकामीच जवळपास माणसाएवढा आवाज शोषते. म्हणजे दुपारच्या साउंड चेकला आणि रात्री भरलेल्या हॉलात फारसा फरक पडत नाही. फायदा तुमचाच आहे, तबलजी.

शहापूरचा तबलजी: मास्तर, जर्मनीत बायरॉइट गावी वाग्नर या संगीतकाराच्या थिएटरात १८७६ पासून कडक खुर्च्याच आहेत. लोक मुकाट बसतात.

टिळकवाडीचा श्रोता: मुकाट नाही, उशा घेऊन जायचे! त्यांना उशी आणि आम्हाला यूट्यूब होय?

निपाणीची सून: खुर्च्यांचं राहू द्या, पुढच्या सोफ्यांचं बोला. दोन रांगा 'मान्यवरांसाठी'. मान्यवर तासाभरानं येणार, शाल-नारळ घेणार, दुसऱ्या रागाआधी जाणार. माझ्या सत्तरीच्या सासूबाईंना तिथून उठवलं. नंतर तो सोफा शेवटपर्यंत रिकामा होता!

अनगोळकर: अगदी! आम्हाला तर हार घालताना थांबलेला तानपुरा परत जुळवताना बघावं लागलं.

एक कार्यकर्ता: सोफ्यावर बसणारेच देणगी देतात, बाई. भाडं, साउंड, कलाकाराची राहायची सोय कोण बघतंय? तुम्ही फुकट पास मागता ते आठवा.

निपाणीची सून: मी ३०० रुपये मोजलेत. पावती दाखवू?

वडगावचा: आणि निवेदन कुठल्या भाषेत हो...

खानापूरचा मास्तर: तो विषय इथं नको हं. त्याला बाहेर सगळं गाव मोकळं आहे.

एक कार्यकर्ता: पुढच्या वेळी खुर्च्या तुम्हीच लावा. सतरंज्या झटकायला एक जण येत नाही, बोलायला सगळे.

शहापूरचा तबलजी: मी येतो झटकायला. टिळकवाडीवाले काका, तुमच्यासाठी कडेची खुर्ची धरतो, पाय पसरता येईल. गुडघ्याचं आधी सांगायचं की. बाकीच्या धडधाकटांनी खाली बसावं, हे मात्र कायम. सोफ्यांबद्दल वहिनींशी सहमत, नाइलाजानं.

निपाणीची सून: नाइलाजानं का असेना. पुढच्या कार्यक्रमाला मी नि सासूबाई पहिल्याच सोफ्यावर बसणार. उठवून दाखवा.