किंमत नियंत्रणाचा रुग्णालयाच्या चिठ्ठीवर परिणाम होतो का?

सातारकर: राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतील औषधांना सरकारने कमाल किंमत ठरवून दिलेली असते, असे वाचले होते. वडिलांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपीन लागते व दोन्ही औषधे यादीत आहेत. तरीही खासगी रुग्णालयाने घरी सोडताना दोहोंची संयुक्त गोळी लिहून दिली, जी यादीत नाही. मग या नियंत्रणाचा उपयोग काय?

खलबत्ता: परिणाम होतो, पण नेहमी अपेक्षित दिशेने होत नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार कमाल किंमत उत्पादनखर्चावरून ठरत नाही. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेले ब्रँड दुकानदाराला ज्या दराने मिळतात, त्या दरांची सरासरी काढून तीत १६ टक्के नफा मिळवला जातो. यादीबाहेरच्या औषधाची सुरुवातीची किंमत मात्र सहसा कंपनीच ठरवते आणि ती वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. घाऊक खरेदी करणारे रुग्णालय, खरेदीदर आणि छापील किंमत यांत जिथे अंतर जास्त, तिकडे झुकते. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा यादीतील औषधांचा वाटा सुमारे ४ टक्के, तर यादीबाहेरच्या औषधांचा सुमारे २५ टक्के निघाला. हाताला सलाइन लावलेला रुग्ण चार दुकानांत भाव विचारत फिरू शकत नाही, हेही त्यामागे आहेच.

निशाचर: सरकारी रुग्णालयातला माझा अनुभव उलटा आहे, तिथे स्वस्त औषधच वेळेला मिळत नाही. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनते आणि त्याचा बराचसा कच्चा माल चीनमधून येतो. तो महागला, कमाल किंमत मात्र जागची हलली नाही, आणि उत्पादन परवडेनासे झाल्यावर अखेर जून २०२० मध्ये ५० टक्के वाढ द्यावी लागली. हेपॅरिन नसले की आम्ही त्याच कामाचे एनॉक्सापॅरिन लिहितो. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या शरीरात ते साचत जाते आणि रक्तस्रावाची धास्ती राहते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंझिल पेनिसिलिन, लिथियम, अ‍ॅट्रोपिन अशा आठ औषधांना तशीच वाढ मिळाली. विदर्भात फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येतात, तेव्हा त्यावर उतारा म्हणून दिल्या जाणाऱ्या अ‍ॅट्रोपिनऐवजी मी काय लिहावे?

खलबत्ता: निशाचर यांचे म्हणणे मान्य आहे, माझा सगळा विचार दुकानाच्या गल्ल्यावरून झाला होता. सातारकर, संयुक्त गोळीही अगदी मोकाट नसते: यादीतील औषध आधीपासून बनवणाऱ्या कंपनीने त्याचे नवे मिश्रण आणले, तर त्याची किरकोळ किंमत प्राधिकरणाकडून मंजूर करून घ्यावी लागते. शिवाय एकच गोळी असली की वयस्कर माणसांचे डोस चुकणे कमी होते, त्यामुळे प्रत्येक मिश्रणामागे नफेखोरीच असते असे नाही. दोन सुट्या गोळ्या आणि संयुक्त गोळी यांचा महिन्याचा खर्च काढा आणि पुढच्या तपासणीला तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.