लता मंगेशकर यांना वाहिन्यांनी वाहिलेली श्रद्धांजली

प्रश्न : ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लतादीदींचे निधन झाले, तेव्हा मी पाहिलेल्या वृत्तवाहिन्यांवर प्रभुकुंज ते शिवाजी पार्क या अंत्ययात्रेच्या निवेदनाखाली गाणी दबून गेली. प्रसारकांनी श्रद्धांजली कशी वाहावी, असे आपणांस वाटते?

प्रतिसाद १ : दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता आणि अंत्यसंस्कार शासकीय इतमामात झाले, त्यामुळे थेट प्रक्षेपण आवश्यकच होते, तथापि गाणे किमान एका अंतऱ्यापर्यंत वाजू द्यावे आणि गीतकार-संगीतकारांची नावे सांगावीत.

प्रतिसाद २ : हे काम आकाशवाणीला अधिक साधते, कारण तेथे दृश्यांची घाई नसते. ‘आनंदघन’ या नावाने दीदींनी मराठी चित्रपटांना दिलेले संगीत हाच स्वतंत्र कार्यक्रमाचा विषय आहे.

प्रश्नकर्ता : सहमत आहे. संगीतकार म्हणून त्यांचे स्मरण फारच थोडे झाले.